बोल्टचे आटे प्लेटवर गायब: जुन्या पेजमेकरमध्ये कॅड ड्रॉइंग घालण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

लोअर परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला छोटा ऑफसेट प्रेस. लग्नपत्रिका, बिलबुकं, सोसायट्यांचे अहवाल, मंडळांची पावती पुस्तकं, आणि मधूनमधून एखादं पुस्तक. नावं आणि ओळख पटेल असे तपशील मी काढलेत, बाकी जे झालं ते तसंच लिहितोय.

पुस्तक होतं आयटीआयच्या फिटर-टर्नरच्या पोरांसाठी, मराठीत, वर्कशॉपवर. लिहिणारे सर स्वतः आयटीआयमधून इन्स्ट्रक्टर म्हणून रिटायर झालेले. पहिली आवृत्ती १९९९ ची, याच प्रेसमध्ये पेजमेकर ६.५ या पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर लावलेली, विंडोज ९८ च्या मशीनवर, आणि मराठी फॉन्टचं त्या काळचं पॅकेज, ज्याचं डोंगल (सॉफ्टवेअरची कॉपी होऊ नये म्हणून दिलेली छोटी चावी) प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लावल्याशिवाय कीबोर्डच चालत नाही. ते मशीन प्रेसच्या काकांनी अजून जिवंत ठेवलंय. दर दोन-तीन वर्षांनी लॅमिंग्टन रोडला जाऊन कुठलीतरी जुनी हार्डडिस्क नाहीतर एसएमपीएस आणतात आणि गाडी पुढे ढकलतात. त्यावर बसणाऱ्या ताई तेव्हापासूनच्या, त्यांचा हात त्या कीबोर्डवर असा बसलाय की युनिकोडचा, म्हणजे आजच्या सर्वमान्य मराठी अक्षरपद्धतीचा, कीबोर्ड समोर ठेवला तर त्या अर्ध्या स्पीडने टाइप करतात.

आता गंमत ही की १९९९ च्या फाइलींमध्ये आकृत्या नव्हत्याच. सगळीकडे रिकामे चौकोन आणि खाली "आकृती ४.३" वगैरे. कारण तेव्हा सरांनी ड्रॉइंगं डॉसवरच्या ऑटोकॅड (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) रिलीज १२ मध्ये केली, अंधेरीच्या एका ड्रॉइंग ऑफिसातल्या सहा पेनांच्या एचपी ७४७५ए प्लॉटरवर काढून आणली, आणि प्रेसमधल्या पेस्टिंगवाल्या मामांनी ती लहान करून बटर पेपरवर कटरने कापून रबर सोल्युशनने चिकटवली. तो पेस्ट केलेला माल आता पिवळा पडून सुटलाय, काही पानं तर कपाटातून काढतानाच हातात आली.

नवीन आवृत्तीत जुन्या आकृत्या तर हव्याच होत्या, वर सरांच्या भाच्याने आजच्या ऑटोकॅडमध्ये बऱ्याच नवीन काढलेल्या. म्हणजे एका बाजूला रिलीज १२ च्या फ्लॉप्या, दुसऱ्या बाजूला आजच्या डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या फाइली), आणि दोन्ही जायचं कुठे तर विंडोज ९८ वरच्या पेजमेकरमध्ये, तिथून बाहेरच्या सीटीपीवाल्याकडे (कॉम्प्युटरवरून थेट छपाईची प्लेट बनवणारा) प्लेटला.

अडचण

मी यात आलो तेव्हा एक फॉर्म (एका तावावर एकत्र छापली जाणारी पानं) ऑलरेडी छापून झाला होता. भाच्याने सगळी ड्रॉइंगं डब्ल्यूएमएफ या विंडोजच्या चित्रांच्या फॉरमॅटमध्ये एक्सपोर्ट करून दिली होती, ताईंनी ती ठेवली, लेझरवर प्रूफ काढलं, सगळ्यांना आवडलं, सरांनी सही केली, प्लेट झाली, कागद चढला. आणि छापलेल्या पानावर बारीक रेघा कुठे तुटक, कुठे पूर्ण गायब.

सरांनी भिंग लावून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "हा बोल्ट नाही, ही पिन आहे."

ज्यांनी इंजिनिअरिंग ड्रॉइंग केलंय त्यांना हे लगेच कळेल. बाहेरचे आटे दाखवताना बाहेरचा व्यास जाड रेघेने आणि आट्यांचा तळ बारीक रेघेने काढतात, बस एवढीच खूण असते, खरे आटे कोणी काढत बसत नाही. समोरून बघितलं तर ती बारीक रेघ पाऊण वर्तुळाची. आता ती गेली की उरतो गुळगुळीत दांडा. तसंच डायमेन्शनच्या रेघा, सेक्शनमधलं हॅचिंग (कापलेला भाग दाखवणाऱ्या तिरक्या रेघा), मधली अक्षरेषा, सगळं बारीकच. म्हणजे रेघेची जाडी हा इथे सजावटीचा भाग नाहीये, तो मजकूर आहे, आणि पहिल्या वर्षाचा मुलगा पुस्तकात जे बघतो तेच लेथवर करायला जातो.

गायब का झाल्या ते शोधायला फार वेळ लागला नाही. त्या डब्ल्यूएमएफमध्ये सगळ्या रेघांची जाडी शून्य गेली होती. शून्य म्हणजे रेघ नाही असं नाही, शून्य म्हणजे "या मशीनला काढता येईल तेवढी बारीक". प्रेसचा लेझर ६०० डीपीआयचा (इंचाला ६०० ठिपके), तिथे एक ठिपका ०.०४२ मिमी, त्यात टोनर थोडा पसरतो, त्यामुळे रेघ मस्त नाजूक दिसते. सीटीपी २४०० डीपीआयची, तिथे तोच एक ठिपका ०.०१ मिमीच्या आसपास. एवढी रेघ प्लेटवर धरतच नाही, आणि चुकून धरली तरी शाई-पाण्यात टिकत नाही. म्हणजे मशीन जितकं भारी तितका रिझल्ट वाईट, आणि लेझरच्या प्रूफवर हे कधीच दिसणार नाही. काका आधी सीटीपीवाल्यावर तापले होते, पण त्याचा यात काही संबंध नव्हता.

दुसरी कटकट, गिअरचे दाते आणि मोठी वर्तुळं कोनाकोनांची झाली होती. डब्ल्यूएमएफ करताना ऑटोकॅडने स्क्रीनवर दिसत होतं तसे वक्राचे सरळ तुकडे पाडले होते.

पर्याय

पहिला, भाच्याचा. सगळं पुस्तक युनिकोडमध्ये आणा, नवीन सॉफ्टवेअरमध्ये लावा, जुनं मशीन भंगारात द्या. ऐकायला बरोबर आहे आणि मलाही आधी तेच वाटलं. पण जुन्या फॉन्टचा मजकूर कन्व्हर्टरमधून काढला की बहुतेक ठीक येतो आणि मग मध्येच एखादा रफार भलत्या अक्षरावर, अपूर्णांक गायब, तक्त्यातल्या टॅब हललेल्या. म्हणजे सगळं पुस्तक नव्याने वाचायचं. सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यांनी सरळ सांगितलं, "मी परत सगळं प्रूफ वाचणार नाही, आणि दुसऱ्या कोणाला वाचू देणार नाही." विषय संपला. आता कोणी म्हणेल की हे टेक्निकल कारण नाही. नसेल, पण निर्णय यावरच झाला.

दुसरा, काकांचा. पूर्वीसारखं पेस्टिंग. पण मामा रिटायर होऊन चिपळूणला गेलेले, आणि गणपतीच्या आधीचे दिवस, प्रेसमध्ये पावती पुस्तकांचे गठ्ठे पॅसेजपर्यंत आलेले, हे करणार कोण?

तिसरा म्हणजे टिफ, ठिपक्यांचं चित्र. ड्रॉइंग काळं-पांढरं एक बिटचं, १२०० डीपीआयला बनवायचं आणि ठेवायचं. हा पर्याय लोक उगाच कमी लेखतात. ११० बाय ८० मिमीची आकृती न दाबता अडीच एमबीच्या आसपास होते, आजच्या हिशोबाने काहीच नाही, आणि कुठल्याही प्रिंटरवर सारखीच येते. तोटा हा की साइज आधी नक्की हवा. पानावर ओढून लहान-मोठी केली की रेघांची जाडी पुन्हा हलते.

चौथा, ईपीएस, म्हणजे पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेत लिहिलेली चित्राची फाइल. रेघ रेघच राहते, वक्र वक्रच राहतो, जाडी मिलिमीटरमध्ये लिहून देता येते. पण पोस्टस्क्रिप्ट नसलेल्या प्रिंटरला पाठवलं की पेजमेकर फक्त आतला खडबडीत प्रिव्ह्यू छापतो. प्रेसचा लेझर नेमका तसाच. म्हणजे ईपीएस घ्यायचं तर प्रूफ काढायची पद्धतच बदलायची.

पाचवा पर्याय मी मांडला होता. पेजमेकरमध्ये चौकोन रिकामेच ठेवायचे, पानांची पीडीएफ करायची, आणि आजच्या मशीनवर ती पीडीएफ मागे ठेवून वर ड्रॉइंगं बसवायची. जुन्या मशीनला आकृत्यांचं तोंडही दाखवायचं नाही. शुद्ध टेक्निकल बाजूने बघितलं तर हाच सगळ्यात सोपा. पण सर अजून मजकुरात बदल करत होते, एक परिच्छेद वाढला की पुढची सगळी पानं सरकणार आणि वरची मांडणी परत करायची. ताई म्हणाल्या, "पान माझ्यासमोर पूर्ण दिसलं पाहिजे, अर्धं इथे अर्धं तिथे मला नाही जमणार." पान शेवटी त्याच लावणार होत्या, तेव्हा ते ऐकलं.

ठरलं ईपीएस, आणि जिथे ईपीएस दगा देईल तिथे टिफ.

काय केलं

सगळ्यात आधी फ्लॉप्या. अर्ध्याअधिक वाचल्या गेल्या, काहींवर सेक्टर गेलेले. डीडब्ल्यूजी फाइल कुठल्या काळातली ते कळायला ती नोटपॅडमध्ये उघडायची, पहिली सहा अक्षरं बघायची, एसी१००९ असेल तर रिलीज ११ किंवा १२, एसी१०३२ असेल तर ऑटोकॅड २०१८ किंवा त्यानंतरची. जुन्या फाइली आजच्या ऑटोकॅडमध्ये विनातक्रार उघडल्या, हे मानलं पाहिजे. एका फुकट सॉफ्टवेअरमध्ये डीएक्सएफ (ड्रॉइंगच्या देवाणघेवाणीचा फॉरमॅट) करून उघडून बघितल्या तर व्यासाच्या खुणेच्या जागी सरळ "%%सी४०" असं आलं, त्यामुळे तो नाद सोडला.

आता खरा प्रश्न. कुठली रेघ जाड आणि कुठली बारीक हे ठरवायचं कशावरून? रिलीज १२ मध्ये जाडी ड्रॉइंगमध्ये नसायचीच. रेघेला रंग असायचा, आणि प्लॉट करताना सांगायचं की अमुक रंग अमुक पेनाने. जाडी म्हणजे त्या पेनाची निब, जी अंधेरीच्या त्या ऑफिसात होती. लाइनवेट (रेघेची जाडी) हा प्रकार रेघेला चिकटला तो ऑटोकॅड २००० पासून. फाइल उघडली तर लाल, पांढऱ्या, हिरव्या, निळसर रेघा, आणि सरांना पंचवीस वर्षांनी रंगांचा हिशोब आठवत नव्हता. काही ठिकाणी अंदाज येतो, पण आट्याचा तळ आणि बाहेरची कड शेजारी-शेजारी असताना अंदाजावर सोडणं बरोबर नव्हतं.

मदतीला आल्या पीएलटी फाइली. प्लॉटरवर जायच्या आधी बनवलेल्या, एचपीजीएल भाषेतल्या, काही फ्लॉप्यांवर डीडब्ल्यूजीच्या शेजारीच पडलेल्या. ही भाषा साधा मजकूर असते, नोटपॅडमध्ये वाचता येते. "एसपी१;पीयू४०००,२०००;पीडी८०००,२०००;" म्हणजे पेन एक घे, पेन उचलून इथे जा, पेन टेकवून तिथपर्यंत ओढ. एक मिलिमीटरला ४० युनिट, म्हणजे ही रेघ बरोबर १०० मिमीची. मग एकाच आकृतीची पीएलटी आणि डीडब्ल्यूजी शेजारी लावली, पीएलटीमधली एक ओळखीची रेघ मोजून काढली, ती पेन एकने ओढलेली की दोनने ते बघितलं, आणि डीडब्ल्यूजीमध्ये तीच रेघ कुठल्या रंगाची ते बघितलं. थोड्या आकृत्यांमध्येच कोष्टक तयार झालं: पांढरा आणि पिवळा जाड पेनाला, लाल आणि निळसर बारीक पेनाला, अक्षरं हिरवी आणि तीही बारीक पेनाला. सरांना दाखवलं तर लगेच म्हणाले, "हो हो, लाल म्हणजे डायमेन्शन, बरोबर." शेवटच्या दोन प्रकरणांमध्ये त्यांनीच रंग बदलले होते, तिथे मात्र त्यांना शेजारी बसवून एकेक आकृती विचारावी लागली.

जाडी किती हे ठरवायला पुस्तकाच्या पानापासून मागे यायचं. डेमी साइज, मजकुराची रुंदी ११० मिमी. ए३ शीटवरची बॉर्डर आणि टायटल ब्लॉक काढला की बहुतेक ड्रॉइंग २२० मिमीच्या आत, म्हणजे बरोबर निम्मं करायचं. ड्रॉइंगच्या पेनांची जी ठरलेली मालिका आहे ना, ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७, ती अशाच कामासाठी आहे, प्रत्येक पेन आधीच्याच्या साधारण १.४ पट, त्यामुळे ए३ चं ए४ केलं की ०.७ चं ०.५ होतं, ए४ चं ए५ केलं की ०.३५. आम्हाला पुस्तकात जाड ०.३५ आणि बारीक ०.१८ हवी होती, म्हणून मूळ ड्रॉइंगला जाड ०.७ आणि बारीक ०.३५ लावली. ०.१३ पण चाललं असतं असं भाच्याचं म्हणणं, पण या पुस्तकाचा कागद आर्ट पेपर नाहीये, आणि पावसाळ्यात तर तो आणखी नखरे करतो.

भाच्याच्या नवीन ड्रॉइंगांमध्ये वेगळंच. तिथे लाइनवेटची सोय होती पण सगळ्या लेयरना "डिफॉल्ट" ठेवलेलं, म्हणजे सरसकट ०.२५, निम्मं केलं की ०.१२५, आणि जाड-बारीक फरकच नाही. त्याला तेच कोष्टक दिलं, त्याने लेयर नीट केले.

निम्मं करताना फक्त जाडी बघून भागत नाही. डायमेन्शनची अक्षरं ३.५ मिमीची होती, निम्मी केली तर १.७५, वाचायला त्रास, म्हणून ती ५ मिमी केली. तुटक रेघांचे तुकडे इतके जवळ आले की सरळ रेघ वाटायला लागली, तिथे लाइनटाइपचं स्केल वाढवलं. हॅचिंगच्या रेघांमधलं अंतर दुप्पट केलं, नाहीतर सेक्शनचा काळा डाग होतो. रिलीज १२ चं हॅचिंग म्हणजे सुट्या रेघांचा ब्लॉक, त्याचं स्केल नुसतं बदलता येत नाही, पुसून नव्याने भरायला लागलं. यातच सगळ्यात जास्त वेळ गेला.

नावं मराठीत कशी द्यायची यावर थोडा वाद झाला. भाच्याने ड्रॉइंगमध्येच युनिकोडमध्ये "टेलस्टॉक", "चक" लिहिलं होतं, ते मजकुराच्या फॉन्टशेजारी परकं दिसत होतं. ठरवलं की ड्रॉइंगमध्ये फक्त आकडे आणि माप ठेवायचं, नावं ताईंनी पेजमेकरमध्ये त्याच फॉन्टमध्ये टाकायची आणि आकृतीसोबत ग्रुप करायची, म्हणजे हलवली तर सगळं एकत्र हलतं. मापांचे आकडे ऑटोकॅडच्या एसएचएक्स फॉन्टचे, तो फॉन्ट नुसत्या रेघांचा असतो, त्यामुळे त्याचा काही प्रॉब्लेम नाही, फक्त त्याला स्वतःचं पेन द्यायला लागतं, आम्ही ०.५ दिलं.

ईपीएस बनवायचा रस्ता असा: ऑटोकॅडमधून काळ्या-पांढऱ्यात पीडीएफ, पीडीएफची ईपीएस, मग त्यात टिफचा प्रिव्ह्यू घालायचा. प्रिव्ह्यू नसेल तर पेजमेकर नुसता करडा चौकोन दाखवतो आणि ताईंनी बाणाचं टोक कुठे लावायचं? पहिल्या खेपेला ईपीएसच्या बाउंडिंग बॉक्समध्ये (आकृतीच्या बाहेरच्या चौकटीच्या मापात) "० ० ५९५ ८४२" आलं होतं, म्हणजे अख्खं ए४ पान पॉइंटमध्ये, आणि आकृती पानाच्या कोपऱ्यात मुंगीएवढी. घोस्टस्क्रिप्ट या पोस्टस्क्रिप्ट वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने खरी चौकट मोजून घातल्यावर ते सुटलं. प्रत्येक फाइल पेजमेकरमध्ये जायच्या आधी टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून जाडी शून्य कुठे राहिलीय का ते शोधायचं, हे मी सक्तीचं केलं.

जुन्या मशीनपर्यंत फाइली न्यायचं म्हटलं तर विंडोज ९८ ला पेन ड्राइव्ह ड्रायव्हरशिवाय दिसत नाही, त्यामुळे जाताना सीडी लिहून, आणि येताना एफटीपी (नेटवर्कवरून फाइली पाठवायची सोय), जे ९८ मध्ये कमांड लाइनवर आहेच. भाच्याने फाइलींना "आकृती ५ नवीन" अशी मराठी नावं दिलेली, ती ९८ वर नुसत्या अंडरस्कोअरच्या ओळी म्हणून दिसली. नंतर सगळी नावं इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांत.

पान तयार झालं की पेजमेकरमधून प्रिंटरला न पाठवता पोस्टस्क्रिप्ट फाइल काढायची, ती नवीन मशीनवर आणून घोस्टस्क्रिप्टने पीडीएफ, तीच पीडीएफ प्रूफला आणि तीच सीटीपीला. यामुळे प्रूफ आणि प्लेट एकाच फाइलचे झाले.

निकाल

खराब झालेला फॉर्म परत छापला, कागदाचा खर्च काका आणि सरांनी वाटून घेतला. बाकीचं काम अनंत चतुर्दशीनंतरच मशीनवर चढलं, बॅच सुरू होऊन गेली होती, तेवढा उशीर झालाच. बोल्टला आटे आले. पाऊण वर्तुळ स्पष्ट दिसतं, हॅचिंग मोकळं आहे.

हेडस्टॉकच्या असेंब्लीची एक आकृती मात्र अजूनही गचपण आहे. तिची डीडब्ल्यूजी मिळाली नाही, फक्त पीएलटी होती, त्यात हॅचिंग वेगळं काढता येईना. ती पूर्ण पानावर आडवी टाकली आणि टिफ केली. सर खूश नाहीत. एकदोन नाजूक आकृत्यांमध्ये नावांचे बाण किंचित सरकलेत, कारण ताईंना स्क्रीनवर दिसणारा प्रिव्ह्यू जाडाभरडा असतो.

वेगळं काय करता आलं असतं

सीटीपीवाल्याला पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं की बारीकात बारीक किती रेघ धरता, आणि एका पानाची चाचणी प्लेट आधी काढायला हवी होती. फुकट गेलेल्या फॉर्मच्या मानाने एका प्लेटचा खर्च किरकोळ.

पाचवा पर्याय, पीडीएफवर ड्रॉइंगं बसवायचा, तो सोडायचं कारण होतं की मजकूर हलतोय. पण प्रत्यक्षात दुसऱ्या प्रूफनंतर सरांनी जवळपास काहीच बदललं नाही. सुरुवातीची दोन प्रकरणं पेजमेकरमध्ये आणि तिथून पुढे पीडीएफवर असं केलं असतं तर प्रिव्ह्यू, बाउंडिंग बॉक्स, सीडी लिहिणं, हे सगळं वाचलं असतं. ताईंना ते आवडलं नसतं, तरी बाण सरकले नसते.

युनिकोडचं भांडण मिटलेलं नाही. भाचा म्हणतो डोंगल ज्या दिवशी जाईल त्या दिवशी पुस्तक संपलं, काका म्हणतात आजपर्यंत गेलं नाही ना. या आवृत्तीपुरतं मी काकांच्या बाजूने होतो, पुढच्यासाठी भाच्याच्या. पेनांचं कोष्टक आणि दुरुस्त केलेल्या डीडब्ल्यूजी आता तीन ठिकाणी ठेवल्यात, आणि काम कमी असेल त्या दिवशी ताई एकेक प्रकरण कन्व्हर्टरमधून काढून रफार तपासत बसतात. सध्या फाइलिंगच्या प्रकरणापर्यंत आल्यात.